महाराष्ट्रात शिक्षक होण्यासाठी लागणाऱ्या परीक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत शिक्षक होण्यासाठी किती परीक्षा द्याव्या लागतात, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कोणत्या इयत्तांना शिकवायचे आहे, शाळा कोणत्या व्यवस्थापनाची आहे आणि हातात पदविका आहे की पदवी, यांवर ते अवलंबून असते. पुढील प्रश्न प्रामुख्याने महाराष्ट्रातील उमेदवारांचे आहेत. परीक्षेची तारीख, शुल्क आणि अर्जाची मुदत दर वेळी बदलत असल्याने त्यांसाठी त्या त्या वर्षीची अधिसूचनाच पाहावी.

टीईटी, टेट, सीटीईटी आणि सीईटी यांत नेमका फरक काय?

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, आणि तो उमेदवारांच्या चुकीमुळे नव्हे तर नावांतील साम्यामुळे होतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी उमेदवार पात्र ठरतो, एवढेच. राज्याची टीईटी पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सीटीईटी ही त्याच स्वरूपाची केंद्रीय परीक्षा असून ती केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ म्हणजे सीबीएसई घेते. बोलण्यात ज्याला ‘टेट’ म्हणतात ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी होय. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. तिच्या गुणांवर भरतीची गुणवत्ता यादी लागते. सीईटी ही यांपैकी कशातही मोडत नाही, कारण ती बीएड अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा आहे. थोडक्यात, सीईटीने महाविद्यालयात प्रवेश मिळतो, टीईटीने पात्रता मिळते आणि टेटच्या गुणांवर निवड होते. अनेक जण टीईटीलाही ‘टेट’च म्हणतात, त्यामुळे कोणी ‘टेट पास झालो’ असे सांगितल्यास कोणती टेट, हे आधी विचारून घ्यावे.

बारावीनंतर डीएलएडला जायचे आहे. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते का?

नाही. पूर्वी जे डीएड किंवा डीटीएड म्हणून ओळखले जाई, त्या दोन वर्षांच्या प्रारंभिक शिक्षण पदविकेला म्हणजे डीएलएडला महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर प्रवेश दिला जातो. अंतिम परीक्षा मात्र राज्य परीक्षा परिषदच घेते. एकेकाळी या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवण्यासाठी मोठी चढाओढ असे. आता जागा सहज मिळते. खरी कसोटी पदविका हाती आल्यानंतर सुरू होते.

बीएडच्या सीईटीत काय विचारले जाते?

ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष संगणकावर घेतो. एकूण १०० प्रश्न असतात आणि ते मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान व शिक्षक अभियोग्यता अशा तीन भागांत विभागलेले असतात. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असल्यास इंग्रजी भाषेची स्वतंत्र चाचणीही द्यावी लागते. पदवीच्या विषयावर सीईटीत एकही प्रश्न नसल्याने कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती सारखीच सोपी किंवा अवघड जाते. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची म्हणजे एनसीटीईची त्या वर्षासाठी मान्यता आहे की नाही, हे स्वतः तपासावे. मान्यता नसलेल्या पदवीवर पुढची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण झाली तरी तिचा उपयोग होत नाही.

टीईटी अनिवार्य कशामुळे झाली?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार केंद्र शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाला मिळाला. एनसीटीईने ते प्राधिकरण म्हणून २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढली आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी व्यावसायिक पदविका किंवा पदवीबरोबरच टीईटी उत्तीर्ण असण्याची अट घातली. परीक्षा कशी घ्यावी याची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०११ मध्ये आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पहिली सीटीईटी झाली. महाराष्ट्राची पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. अध्यापनाची पदविका किंवा पदवी असताना वेगळी परीक्षा कशासाठी, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र देशभरातल्या हजारो अध्यापक महाविद्यालयांच्या गुणदानात इतकी तफावत होती, की सर्वांना एकाच मापाने मोजणारी एखादी कसोटी आणणे भागच होते.

मी पेपर एक द्यावा की पेपर दोन?

पेपर एक पहिली ते पाचवीसाठी आहे, तर पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. बारावी आणि डीएलएड एवढीच अर्हता असेल तर पेपर एक द्यावा. पदवी आणि डीएलएड अशा दोन्ही अर्हता असतील तर दोन्ही पेपर देता येतात आणि द्यावेत, कारण ते एकाच दिवशी सकाळ-दुपार होतात आणि अभ्यासाचा बराच भाग समान असतो. पदवी आणि बीएड असेल तर पेपर दोन द्यावा. बीएडधारकांच्या पेपर एकबाबतचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

पेपरचे स्वरूप कसे असते?

दोन्ही पेपर प्रत्येकी १५० गुणांचे असतात. १५० बहुपर्यायी प्रश्न अडीच तासांत सोडवायचे असतात. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विषयांना प्रत्येकी ३० गुण असतात. पेपर दोनमध्ये बालमानसशास्त्र आणि दोन भाषा यांना प्रत्येकी ३० गुण असतात. उरलेल्या ६० गुणांसाठी गणित व विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एक गट निवडावा लागतो. गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांनी पहिला गट घ्यावा आणि सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्यांनी दुसरा. भाषा शिकवणाऱ्यांना दोहोंपैकी कोणताही चालतो. राज्याच्या टीईटीत मराठी माध्यमाच्या उमेदवाराची पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी असते.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. ही सूचना सर्वांना ठाऊक असते, तरीही वेळ संपल्याने शेवटचे दहा-पंधरा प्रश्न कोरे राहिलेल्या उत्तरपत्रिकांचे किस्से दर वर्षी ऐकू येतात. राज्याच्या टीईटीत गोल काळे करण्यातही वेळ जातो, याचा हिशेब सरावाच्या वेळीच करावा.

उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात आणि परीक्षा किती वेळा देता येते?

खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्के म्हणजे १५० पैकी ९० गुण लागतात. मागास प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांसाठी महाराष्ट्रात ही मर्यादा ५५ टक्के आहे. प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट नसून एकूण गुण पाहिले जातात. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याला त्यामुळे परिसर अभ्यासात किंवा मराठीत ती तूट भरून काढता येते. किती वेळा परीक्षा द्यावी यावर मर्यादा नाही. उत्तीर्ण झालेल्यालाही गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येते. मात्र महाराष्ट्रात भरतीची गुणवत्ता यादी अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर लागत असल्याने टीईटीचे गुण ९५ वरून ११० वर नेण्यात वर्ष घालवण्यापेक्षा तो वेळ टेटच्या तयारीला देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

माझे प्रमाणपत्र २०१४ चे आहे. सात वर्षे उलटून गेली. ते रद्द झाले का?

रद्द झालेले नाही. सुरुवातीला प्रमाणपत्राची वैधता सात वर्षे होती. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने ती आजीवन केल्याचे जाहीर केले आणि हा निर्णय २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू केला. जुने प्रमाणपत्र गहाळ झाले असल्यास त्याची दुय्यम प्रत मिळवण्याचे काम भरतीची जाहिरात येण्याआधीच उरकून घ्यावे.

राज्याची टीईटी द्यावी की केंद्राची सीटीईटी?

केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि केंद्र शासनाच्या अखत्यारीतील इतर शाळांसाठी सीटीईटी लागते. महाराष्ट्रातील शिक्षक भरतीत सीटीईटीही ग्राह्य धरली जाते. त्यामुळे पर्याय खुला आहे आणि शक्य असल्यास दोन्ही परीक्षा द्याव्यात. सीटीईटी साधारणपणे वर्षातून दोनदा होते, तर राज्याच्या टीईटीत मोठे खंड पडलेले आहेत. नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेनंतरची परीक्षा थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. केवळ राज्याच्या परीक्षेवर अवलंबून राहिलेल्यांची ती तीन वर्षे वाया गेली.

दोन्ही परीक्षांचा कल मात्र वेगळा आहे. सीटीईटीत प्रत्येक विषयाच्या आशयाबरोबर त्याच्या अध्यापनशास्त्राला मोठा वाटा असतो. उदाहरणार्थ, पेपर एकमध्ये गणिताच्या ३० पैकी १५ प्रश्न ‘मुलाने असे उत्तर का लिहिले असावे’ अशा धर्तीचे असतात. राज्याच्या टीईटीत प्रश्न अधिक थेट असून त्यांचा आधार राज्याचा अभ्यासक्रम आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके हा असतो. सीटीईटीची मूळ प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. भाषा विषय म्हणून मराठी निवडता येते, पण बालमानसशास्त्र आणि गणित मराठीतून मिळत नाही. मराठी माध्यमातून डीएलएड केलेल्यांनी ‘समावेशक शिक्षण’, ‘संज्ञानात्मक विकास’ यांसारख्या संज्ञांचे हिंदी आणि इंग्रजी प्रतिशब्द आधीच पाहून ठेवावेत.

माझे बीएड झाले आहे. पेपर एक उत्तीर्ण झालो तर पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

येणार नाही, आणि या प्रश्नाचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बीएडधारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, एवढीच अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो निर्णय कायम ठेवला. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि त्याचे प्रशिक्षण डीएलएडमध्ये मिळते, बीएडमध्ये नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अक्षरओळख करून देणे हे नववीला बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक आठवडा पहिलीच्या वर्गावर काढून पाहावा.

निकालाच्या तारखेपूर्वी नियुक्त झालेल्या बीएडधारकांच्या सेवेला पुढे एप्रिल २०२४ च्या आदेशाने संरक्षण मिळाले आणि त्यांच्यासाठी सेतू अभ्यासक्रम आवश्यक ठरला. नव्या उमेदवारांनी या संरक्षणाचा आधार घेऊ नये.

टीईटी उत्तीर्ण झाले, पण नोकरी नाही. असे का?

कारण टीईटी हे नियुक्तीचे आश्वासन नाही. एनसीटीईच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट नमूद आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून भरतीची पद्धत बदलली. जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि खासगी अनुदानित शाळांतील रिक्त पदांसाठी उमेदवाराने अभियोग्यता चाचणी द्यायची आणि पवित्र पोर्टल या राज्य शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. स्वप्रमाणपत्र म्हणजे आपल्या माहितीची स्वतःच खात्री देणारा अर्ज भरल्यानंतर जाहिराती पाहून प्राधान्यक्रम निश्चित करायचा. त्यानंतर आरक्षण, विषय, माध्यम आणि गुण यांनुसार यादी लागते. खासगी संस्थांना मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह असे दोन पर्याय असतात. जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांत मुलाखत नसते.

प्राधान्यक्रम भरताना उमेदवार फार मोठी चूक करतात. घराजवळची चार-पाच पदे निवडून ते थांबतात आणि त्यांच्याहून कमी गुणांचा उमेदवार दूरच्या जिल्ह्यात निवडला गेला की अन्याय झाल्याची तक्रार करतात. ज्या पदासाठी प्राधान्यक्रमच दिलेला नाही, त्यासाठी यंत्रणा आपला विचार करणार नाही.

अभियोग्यता चाचणी कशी असते?

२०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० गुण बुद्धिमत्तेला असतात. गणितीय व तार्किक क्षमता, वेग आणि अचूकता, मराठी व इंग्रजी भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता हे अभियोग्यतेतील काही घटक होत. बुद्धिमत्तेत वर्गीकरण, समसंबंध, क्रमश्रेणी, सांकेतिक भाषा असे घटक येतात. परीक्षा संगणकावर होते. बालमानसशास्त्राच्या पाठांतराचा येथे उपयोग नसून बँकेच्या परीक्षांसारखी वेगाची तयारी लागते. चांगला शिक्षक निवडण्यासाठी ही कसोटी पुरेशी आहे का, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे, कारण तिच्यात उमेदवाराला एक मिनिटही शिकवावे लागत नाही. तथापि, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या ओळखीवर होणाऱ्या भरतीपेक्षा ती निश्चितच बरी आहे.

ही चाचणी नियमितपणे होत नाही. पहिली २०१७ मध्ये झाली, दुसरी ‘२०२२’ या नावाने प्रत्यक्षात २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. एक संधी हुकली की पुढची कित्येक वर्षे दूर असू शकते. म्हणून पात्रता परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता या चाचणीची तयारी समांतर चालू ठेवावी.

नववी ते बारावीसाठी टीईटी लागते का?

लागत नाही. नववी-दहावीसाठी संबंधित विषयातील पदवी आणि बीएड, तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बीएड लागते. पवित्र पोर्टलद्वारे या पदांवर निवड व्हायची असेल तर अभियोग्यता चाचणी मात्र द्यावीच लागते. पाचवी ते दहावीच्या माध्यमिक शाळेत नेमणूक झाल्यास मुख्याध्यापक सहावी-सातवीचे तासही देतात. त्यामुळे बीएडधारकाने पेपर दोन उत्तीर्ण करून ठेवणे हिताचे आहे.

मी वीस वर्षांपासून सेवेत आहे. मलाही टीईटी द्यावी लागेल का?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनी निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे ते टीईटीविना सेवेत राहू शकतात, पण पदोन्नती हवी असल्यास त्यांनाही ती उत्तीर्ण व्हावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लागू करावी का, हा प्रश्न त्या निकालात मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्यात आला. ज्या प्रकरणात हा निकाल आला त्यात महाराष्ट्र शासन पक्षकार होते, त्यामुळे राज्यातील शिक्षकांत त्याचे पडसाद तीव्रतेने उमटले.

२०१० पूर्वी नियुक्त झालेल्यांना आपण या अटीतून कायमचे सुटलो असे वाटत होते, आणि मूळ अधिसूचनेचा रोखही तसाच होता. पन्नाशीला टेकलेल्या गुरुजींना किंवा बाईंना आपल्याच माजी विद्यार्थ्यांशेजारी बसून उत्तरपत्रिकेतील गोल काळे करावे लागणे हे त्यांना अवमानकारक वाटते, ही भावना समजण्यासारखी आहे. तथापि, न्यायालयात किंवा शासनस्तरावर काही बदल होईल या आशेवर अर्ज न भरता राहणे धोक्याचे आहे. सेवेतील शिक्षकांना आशयाची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण तो ते रोजच शिकवतात. अडचण होते ती बालमानसशास्त्रातील पियाजे, कोहलबर्ग, वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या संकल्पनांची आणि इंग्रजी उताऱ्यांची. दोन-तीन महिने रोज तासभर दिल्यास ही उणीव भरून निघते.

‘पैसे द्या, पास करून देतो’ असे सांगणारे भेटतात. त्यात तथ्य असते का?

जानेवारी २०२० मध्ये झालेल्या राज्याच्या टीईटीतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाला. अपात्र उमेदवारांचे गुण वाढवून त्यांना पात्र दाखवण्यात आले होते. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक म्हणजे परीक्षेतील निकाल रद्द करण्यात आला आणि त्यांना या परीक्षेसाठी कायमचे प्रतिबंधित करण्यात आले. त्यांतील काही जण तोवर शाळांत रुजूही झाले होते. पैसे गेले, नोकरीही धोक्यात आली आणि पुन्हा परीक्षा देण्याचा मार्गही बंद झाला. त्यानंतरच्या परीक्षांत केंद्रांवर बायोमेट्रिक पडताळणी आणि सीसीटीव्ही आले. असा प्रस्ताव घेऊन कोणी आल्यास त्याच्याशी चर्चाही करू नये.

महाविद्यालयात शिकवायचे असेल तर?

वरिष्ठ महाविद्यालयासाठी बीएड किंवा टीईटी लागत नाही. तेथे पदव्युत्तर पदवीबरोबर नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा सेट म्हणजे राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटची पात्रता मात्र देशभर चालते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता असून पीएचडी ऐच्छिक आहे.

निवड झाल्यावर पूर्ण वेतन लगेच मिळते का?

नाही. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी दरमहा १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते. घरापासून दूरच्या जिल्ह्याला प्राधान्य देताना खोलीभाडे आणि येण्याजाण्याचा खर्च या रकमेतून निघेल का, याचा हिशेब आधी करावा.

अर्ज करताना कोणत्या चुका टाळाव्यात?

नावातील तफावत ही सर्वांत त्रासदायक चूक आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि टीईटीच्या अर्जात दोहोंचे मिश्रण, अशा स्थितीत कागदपत्र पडताळणीच्या वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल मागितला जातो, आणि तो एका दिवसात मिळत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच सर्व परीक्षांत लिहावे. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि दिव्यांगत्वाचा दाखला यांच्या तारखा जाहिरातीतील अटींशी ताडून पाहाव्यात. निकालाआधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि तिच्यावर आक्षेप नोंदवण्यासाठी थोडेच दिवस मिळतात. एखादा प्रश्न चुकीचा वाटल्यास पाठ्यपुस्तकातील पृष्ठाचा पुरावा जोडून मुदतीतच आक्षेप घ्यावा. अंतिम उत्तरसूची लागल्यावर केलेल्या पत्रव्यवहाराची दखल घेतली जात नाही.